जमीन कोणाची होती, ते आधी वाचू

(रायपूर येथे पहिल्या पिढीतील पदवीधरांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी भाषण करणारी बाई नाही. बँकेत नोकरी करते आणि गेली कितीतरी वर्षे गृहकर्जाच्या टेबलावर बसते. समोरचा माणूस फाइल ठेवतो, मी कागद उलटते आणि बरेचदा मलाच नाही म्हणावे लागते. ज्यांना नाही म्हणते, त्यांत आपले लोक जास्त असतात. पगार कमी असतो म्हणून हे घडत नाही. पगार व्यवस्थित असतो, नोकरी पक्की असते. ज्या जमिनीवर ते घर बांधायला निघालेले असतात, तिचा कागद बसत नाही. आणि बँकेत येण्याच्या आधीच त्यांनी तीन-चार लाख बयाणा देऊन टाकलेला असतो. बयाणा परत मिळत नाही. म्हणून म्हटले, आज यावरच बोलू.

आधी घरची गोष्ट सांगते. माझे बाबा 1971 साली भंडारा जिल्ह्यातून इथे आले आणि वॅगन रिपेअर शॉपमध्ये खलाशी म्हणून लागले. आम्ही भावंडे डब्ल्यूआरएस कॉलनीच्या क्वार्टरमध्ये वाढलो. रेल्वेचे क्वार्टर असो की भिलाईच्या सेक्टरमधले, आपल्या दोन पिढ्यांना या क्वार्टरांनी जे दिले ते विसरता येत नाही. घर पदावर आणि पाळीवर मिळे, आडनावावर नाही. शेजारी मिश्रा, पलीकडे आंध्रचे राव, मधे आम्ही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि नळाला सगळ्यांइतकेच पाणी. पण या घरांची एक खोड आहे. माणूस निवृत्त झाला की चार महिन्यांत चावी परत. बत्तीस वर्षे एका पत्त्यावर राहिलेला माणूस साठीला पोचतो आणि त्याच्या नावावर एक वीटही नसते.

बाबांना हे कळत होते. 1993 मध्ये त्यांनी पीएफमधून पैसे काढले आणि शहराबाहेर बाराशे फुटांचा प्लॉट घेतला. विकणारा दलाल ओळखीतलाच होता, विहारात येणारा. पन्नास रुपयांच्या स्टॅम्पवर इकरारनामा झाला. रजिस्ट्री 'नंतर एकत्र करू' असे ठरले. आजूबाजूला सगळे धानाचे बांध होते. चुन्याची रेघ मारून रस्ता दाखवला होता. बाबांनी दोन ट्रक विटा टाकल्या आणि पाया भरला. रविवारी आम्ही सगळे तिथे डबा घेऊन जायचो. आईने तुळस लावायची नाही, कडुलिंब लावायचा, असेही ठरवून टाकले होते.

नोव्हेंबर 2000 मध्ये छत्तीसगड झाले, रायपूर राजधानी झाली आणि भाव चढले. बाबा रजिस्ट्रीसाठी पटवाऱ्याकडे गेले. त्याने खसरा पाहिला आणि सांगितले, ही कोतवाराची सेवाभूमी आहे, हिची विक्रीच होत नाही. दलाल तोवर बिलासपूरला निघून गेला होता. बाबा मग त्या कोतवाराला शोधत गावात गेले. म्हातारा होता, पनका समाजाचा. त्याने मुलीच्या लग्नासाठी दलालाकडून थोडे पैसे घेतले होते आणि कुठल्यातरी कागदावर अंगठा दिला होता. त्या जमिनीचे पंचवीस तुकडे करून पंचवीस जणांना विकले गेलेत, हे त्याला आमच्याकडूनच कळले.

बाबा घरी आले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझा आजाही कोतवारच होता ना."

इथे थोडे थांबते, कारण तुमच्यातल्या काहींना हा शब्द माहीत नसेल. मध्य प्रांतात गावच्या रखवालदाराला कोतवार म्हणत. दवंडी द्यायची, सरकारी माणूस आला की त्याच्यापुढे धावायचे, जन्म-मृत्यूची खबर ठाण्यावर पोचवायची, बेवारस प्रेत राखत बसायचे. हे काम बहुतेक गावांत महार, गांडा, पनका यांच्याकडे असे. रसेल आणि हीरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथातही त्याच्या नोंदी आहेत. मोबदला म्हणून थोडी जमीन. पश्चिम महाराष्ट्रात यालाच महारकी वतन म्हणत. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कौन्सिलात वतनाचे विधेयक आणले ते याच गोष्टीसाठी. जमिनीच्या तुकड्याच्या बदल्यात माणूस चोवीस तास गावचा बांधील होतो, हे त्यांना मोडायचे होते. तिकडे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली, जमिनी नव्या शर्तीने परत दिल्या गेल्या, आणि त्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. तरीही विकल्या गेल्याच. पुण्याच्या आजूबाजूच्या महार वतनी जमिनींवर आज काय उभे आहे, ते वर्तमानपत्रात वाचतच असाल. इकडे भू-राजस्व संहितेत कोतवार अजून आहे, कलम 230 मध्ये. सेवेची जमीन सेवा असेपर्यंत त्याची. विकायचा हक्क नाही. मालगुजारीच्या काळात मिळालेल्या काही जमिनींच्या मालकीवरून खटले चालले, ती वेगळी कथा.

म्हणजे बघा, एका महार कोतवाराचा नातू शहरात येतो, आयुष्याची बचत खर्चून घराची जमीन घेतो, आणि ती निघते एका पनका कोतवाराची. दलाल दोघांचेही पैसे खातो. त्या पंचवीस जणांपैकी काहींनी घरे बांधली आणि अजून तिथेच राहतात. दर निवडणुकीत त्यांना पट्ट्याचे आश्वासन मिळते, दर दोन वर्षांनी नोटीस मिळते. बाबांनी सोडून दिले. विटाही आणल्या नाहीत. आई पुढे कितीतरी वर्षे त्या विटांवरून त्यांना बोलत असे, आणि मला वाटते तिचेही बरोबर होते. नैतिकता ठीक आहे, पण दोन ट्रक विटा म्हणजे त्या काळी काही थोडे पैसे नव्हते.

मग 2003 मध्ये क्वार्टर सुटले आणि आम्ही भाड्याचे घर शोधायला निघालो. रायपूरमध्ये एक गंमत आहे. मराठी बोलणारा म्हटले की पुष्कळ लोकांच्या डोळ्यापुढे आधी महाराष्ट्रीय ब्राह्मण येतो. त्यामुळे पहिल्या भेटीत घर मिळते. सामान उतरते, फोटो भिंतीवर लागतो, मग मालकीणबाई चहाला येतात आणि आठवडाभरात त्यांचा पुतण्या इंदूरहून येणार असतो. आमच्याकडे दोन पुतणे आले. 1917 चे बडोदे तुम्हाला मी सांगायला नको. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. नाव बदलून फोन केले की उत्तर बदलते, हे त्यांनी मोजून दाखवले. फोनवरचा नकार तरी स्वच्छ असतो.

विकत घेताना हा त्रास कमी होतो का? थोडा होतो, कारण बिल्डरला पैसा दिसतो. पण सोसायटीचे उपनियम वाचा. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा उपनियम मान्य केला. दुसऱ्या बाजूला 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. त्याच्या कलम 4 मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळवणे, त्यात राहणे यात अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे हा गुन्हा आहे, असे लिहिले आहे. हे कलम आपल्यातल्या वकिलांनाही चटकन आठवत नाही. अडचण पुराव्याची. 'तुमच्या जातीमुळे देत नाही' असे कोणी लिहून देत नाही. पुतण्या येतो.

आता या दारांवरून परत फिरलेला माणूस कुठे जातो? गावाच्या शिवेवर. बीरगाव, सेजबहार, कचना, डुंडा, सरोना यांच्या पलीकडे जिथे कालपर्यंत धान होते तिथे. तिथे जात कोणी विचारत नाही, कारण तिथे कागदही कोणी विचारत नाही. मी फायली पाहते म्हणून सांगते, जातीची अडचण टाळायला गेलेला माणूस कागदाच्या अडचणीत सापडतो, आणि दलालाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून तो दलाल आपल्यातलाच असतो. जयभीम घालतो, वर्षावासाला वर्गणी देतो.

त्याचे गणित ऐका. शेतकऱ्याला तो एकराने पैसे देतो आणि आपल्याकडून फुटाने घेतो. एकर म्हणजे 43,560 फूट. रस्त्याला सोडून जे उरते त्याचे बाराशे-बाराशेचे तुकडे. शेतकऱ्याला वाटते बरे मिळाले, कारण धान सरकारी केंद्रावर क्विंटलमागे 3100 ने गेले आणि एकरी 21 क्विंटलची मर्यादा पुरी भरली तरी वर्षाला 65 हजार, त्यातून खत-मजुरी जायची. आपल्याला वाटते स्वस्त मिळाले, कारण कॉलनीतला भाव आपण ऐकलेला असतो. मधला फरक कुठे जातो ते दोघांनाही दिसत नाही.

इकडे जमीन डिसमिलमध्ये मोजतात, एकराचे शंभर डिसमिल. बाराशे फूट म्हणजे पावणेतीन डिसमिल. पाच डिसमिलपेक्षा लहान तुकड्याच्या रजिस्ट्रीवर बंदी होती, 2019 मध्ये ती उठली, 2025 च्या दुरुस्तीने शेतजमिनीसाठी परत आली. बंदी असली की दलाल म्हणतो, चौघांच्या नावाने एकच रजिस्ट्री करू, आपापसात वाटून घ्या. असे कधीही करू नका. चौघांतला एक मेला किंवा कर्जात बुडाला की उरलेले तिघे आयुष्यभर तहसीलमध्ये. शिवाय अशा जमिनीचे डायव्हर्शन झालेले नसते, नकाशा टाउन अँड कंट्री प्लॅनिंगकडून मंजूर नसतो, आणि महापालिकेचा जेसीबी येऊन मुरमाचा रस्ता उखडून जातो. मग लोक म्हणतात, नियमितीकरण होईल. होते, 2002 चा कायदा आहे. पण त्याने बांधकाम नियमित होते. जमीनच दुसऱ्याची असेल तर ती आपली होत नाही.

दुसऱ्याची म्हणजे फक्त कोतवाराची नाही. या राज्यात 2011 च्या जनगणनेत 30.6 टक्के आदिवासी आहेत, आणि संहितेचे कलम 165(6) त्यांच्या जमिनीला राखण घालते. अनुसूचित क्षेत्रात ती बिगर-आदिवासीला जातच नाही. रायपूरसारख्या जिल्ह्यात कलेक्टरच्या परवानगीने जाते. कलम 170-ख त्याहून मागे जाते, 2 ऑक्टोबर 1959 पासूनचे फसवणुकीचे व्यवहार उघडून जमीन मूळ कुटुंबाला परत करता येते. आपल्यातलेच काही तरुण मला म्हणतात, ताई, हे कायदे आडवे येतात, आपण काय सावकार आहोत का? नाही, सावकार नाही. पण सावकाराने गोंडाकडून काढलेली जमीन चौथ्या हाताने आपल्याकडे येते, आणि निकाल लागतो तेव्हा आत राहत असतो तो आपणच. कायदा योग्य आहे. दलितांच्या जमिनीला इथे असे कलम असते तर सतनामी शेतकऱ्यांची किती जमीन वाचली असती, याचा विचार करा.

तर कागद वाचायचा कसा. बयाण्याच्या आधी खसरा नंबर मागा. गावाचे नाव, पटवारी हलका, खसरा नंबर. 'भुइयां'वर बी-1 आणि पी-2 घरबसल्या दिसतात. बी-1 मध्ये खातेदार कोण ते पाहा. विकणारा तोच आहे का? त्याच्यासोबत बहिणींची नावे आहेत का? असतील तर त्यांच्या सह्या लागतील, भाऊ कितीही हमी देवो. पी-2 मध्ये शेवटचा कैफियतीचा रकाना वाचा. 'शासकीय पट्टा', 'सेवाभूमी', 'अहस्तांतरणीय' यातले काहीही दिसले तर उठा. सरकारी पट्ट्याची जमीन कलम 165(7-ख) खाली कलेक्टरच्या परवानगीविना जात नाही. रकाना कोरा असला तरी समाधान मानू नका. तहसीलच्या अभिलेखागारातून 1954-55 चा अधिकार अभिलेख काढा. तिथे एक नाव आणि आज भलतेच नाव असेल तर मधला प्रत्येक दुवा मागा. नकला मिळायला आठ-पंधरा दिवस लागतील. दलाल म्हणेल, दुसरा गिऱ्हाईक उभा आहे. राहू द्या उभा. प्लॉट आठपेक्षा जास्त असतील आणि जमीन पाचशे चौरस मीटरच्या वर असेल तर रेराचा नोंदणी क्रमांक हवा, तोही मागा.

या जुन्या कागदांचे अजून एक काम आहे आणि ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. जातीच्या दाखल्यासाठी इथे लोक मिसल शोधत फिरतात. 10 ऑगस्ट 1950 च्या आधी आपले कुटुंब या भागात होते, हे दाखवायला सगळ्यात चालणारा कागद म्हणजे जमिनीचा. ज्याच्या आजाकडे जमीन नव्हती त्याच्याकडे जातीचा पुरावाही नाही. 2013 च्या कायद्यात ग्रामसभेच्या ठरावाची वाट आहे, ती इथल्या भूमिहीनांना उपयोगी. पण आमच्यासारखे, जे नंतर विदर्भातून आले, त्यांना तीही नाही. गावातली जात आमच्याबरोबर आली, तिचा दाखला तेवढा भंडाऱ्याला राहिला. मी 2013 मध्ये हाउसिंग बोर्डाच्या घरासाठी अर्ज केला तेव्हा राखीव वाट्यातून करू शकले नाही, सर्वसाधारणमधून केला. बोरियाकलात दोन खोल्यांचे घर मिळाले. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे राज्याचा दाखला आहे त्यांनी हाउसिंग बोर्ड आणि आरडीएच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. राखीव घरे अर्जच न आल्याने पडून राहिलेली मी पाहिली आहेत, आणि तेव्हा खरेच राग येतो.

सरकारी जमिनीचा कागद स्वच्छ असतो, हे खरे. इतिहास स्वच्छ असतो असे नाही. नवा रायपूरचे रुंद रस्ते ज्यांच्या शेतांतून गेले त्या 27 गावांचे शेतकरी जानेवारी 2022 मध्ये धरण्यावर बसले होते. तिथे घर घेऊ नका असे मी म्हणत नाही, मी स्वतःही घेतले असते. कुठल्या गावच्या जमिनीवर राहतो ते माहीत असावे, एवढेच.

पैशाचे थोडक्यात सांगते. 30 लाखांचे घर असेल तर बँक जास्तीत जास्त 90 टक्के देते, म्हणजे 27 लाख. तीन लाख तुमचे, आणि स्टॅम्प ड्यूटी व पंजीयन शुल्क वेगळे, ते कर्जात धरत नाहीत. तुमच्या वर्गमित्राचे हे पैसे वडील देतात, किंवा गावचे अर्धा एकर देते. आपल्याकडे ते जमवायलाच पाच-सहा वर्षे जातात, कारण त्याच पगारातून धाकट्याची फी आणि बहिणीचे लग्नही निघायचे असते. ही वर्षे कमीपणाची मानू नका आणि घाईने खासगी फायनान्सच्या दारात जाऊ नका. 27 लाखांना नऊ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण 24,300 बसतो, एकूण फेड 58 लाखांच्या वर जाते. व्याज तीन टक्क्यांनी वाढले की काय होते ते घरी मांडून पाहा. आणि घर बायकोच्या किंवा आईच्या नावावर घ्या. महिलेला स्टॅम्प ड्यूटीत सवलत आहे. पुरुषांचे चेहरे पडलेले दिसताहेत, पण हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचा फोटो भिंतीवर लावायचा तर सातबारा, म्हणजे इथला बी-1, बाईच्या नावाने व्हायला हरकत नसावी.

गृहप्रवेशाला आम्ही बुद्धवंदना घेतली, दार उघडे ठेवून. बाबा तेव्हा होते. त्यांनी मला रजिस्ट्रीचा कागद मागितला, चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, "बोर्डाच्या आधी ही जमीन कोणाची होती?" मला सांगता आले नाही. मी तो अधिकार अभिलेख नंतर काढला. पाच खातेदार होते, त्यांपैकी दोघांच्या नावापुढे सतनामी लिहिले होते. मोबदला सगळ्यांना मिळाल्याची नोंद आहे. त्यांची मुले आता कुठे राहतात, ते अभिलेखात नसते.

आता प्रश्न घेऊ. ज्यांनी येताना खसरा नंबर लिहून आणलेत त्यांचे आधी घेते. कोणाच्या फोनमध्ये नेट बरे चालते? 'भुइयां' उघडा, इथेच पाहू.